कचऱ्याच्या खोलीचं दार

चिरंजीव जावईबापू यांस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. तुमची तब्येत उत्तमच असणार. कोंडलेल्या कचऱ्याशेजारी तुम्ही थोडेच झोपता? आमची लेक म्हणते, वास जाईपर्यंत बाळाला आमच्याकडे आणणार नाही. तिचं काय चुकलं?

जावयावर रागावू नये, असं तुमच्या सासूबाई बजावतात. म्हणून मी फक्त या इमारतीच्या आर्किटेक्टवर रागावलोय. (तो तुम्हीच निघालात, त्याला माझा इलाज नाही.) ओल्या-सुक्याचे वेगळे डबे ठेवायला तळमजल्यावर खोली काढलीत, फरशी लावलीत, नळ दिलात, सगळं मान्य. मीच कौतुक सांगत फिरलो. पण भल्या माणसा, छातीएवढे चाकांचे डबे आधी आत ठेवले आणि चौकट मागाहून बसवली! आता डबे रुंद, दार अरुंद. तिरका करून पाहिला, आडवा करून पाहिला, डबा बाहेर येत नाही. कचरागाडीवाला बाहेरून ओढतो, आम्ही आतून ढकलतो, आणि शेवटी तो आम्हालाच चार शब्द सुनावून निघून जातो. सफाईवाल्या बाईंनी डब्यात वाकून हाताने उपसायला साफ नकार दिला. बरोबरच केलं. मग मी आणि वरचे मास्तर बादल्या घेऊन उतरलो. मास्तर वाकले ते पाय वर करून आतच गेले. (ओल्यात. सुक्यात गेले असते तर निदान बोलले असते माझ्याशी.) आता लोक सगळं एका पिशवीत बांधून दाराशी फेकतात. वेगळं कशासाठी करायचं, विचारतात. काय सांगू, कपाळ? आणि त्या खोलीची हवा बाहेर सोडणारी जाळी नेमकी आमच्या खिडकीखाली! कोणत्या मुहूर्तावर सुचलं तुम्हाला हे?

रविवारी सभा आहे. खोलीला कायमचं कुलूप लावून कचरा पुन्हा कोपऱ्यावर टाकायचा ठराव येतोय. मी एकटा विरोधात आहे, आणि तोही तुमच्यापायी.

आशीर्वाद वर दिलेच आहेत, पुन्हा देण्याइतका राग अजून उतरलेला नाही.

तुमचा सासरा

ता. क. सभेत नकाशा कोणाचा म्हणून विचारलं, तर मी तुम्हाला ओळखत नाही.

आणखी एक ता. क. दार वाढवायला खांब आडवा येतो, असं तुम्ही फोनवर म्हणालात. मग पलीकडची भिंत फोडा. तिच्यामागे आमची अडगळीची खोली आहे, तिला बाहेरून रुंद दार आहे, ती घ्या, डबे तिथून बाहेर काढा. सासूबाईंना मी समजावतो. परवा फोनवर नात रांगताना दिसली. ती चालायला लागायच्या आत गवंडी पाठवा.