यंदा बाबांनी आपला संघ जिंकवला

पोर्टलंड, २४ सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आधी झालं ते क्रमाने लिहिते.

१. तुमचं यंदाचं भाकिताचं पत्र काल मिळालं. टपालाचा शिक्का १८ तारखेचा, म्हणजे बेसबॉलची बाद फेरी सुरू होण्याआधीचा. आपल्या नियमाप्रमाणे ते ग्राह्य आहे.
२. त्यात आपला क्लीव्हलंडचा संघ पहिली फेरी जिंकतो, पुढच्या जिंकतो आणि अंतिम मालिका सातव्या सामन्यात घेतो.
३. गेली सोळा वर्षं, आपला संघ बाद फेरीत आला की तुम्ही तो पहिल्याच फेरीत हरणार असं लिहीत आला आहात.
४. मी मार्जीआत्याला फोन केला. तुमच्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया ७ ऑक्टोबरला होती. ती तुम्ही रद्द केलीत, असं तिने सांगितलं.

बारा वर्षांची असताना मी पहिलं भाकीत लिहिलं, त्यात आपण जिंकणार होतो. तुम्ही तो कागद शेगडीवर जाळलात आणि म्हणालात, कार्टे, दृष्ट लावतेस का? तेव्हापासून मी आकडे मांडून लिहिते आणि तुम्ही दृष्ट लागू नये म्हणून आपल्याला हरवता. आता तुम्हाला दृष्टीची पर्वा राहिलेली नाही. म्हणजे पुढच्या वर्षाचीही नाही, असं मला वाटतं. माझं काम पुलांची तपासणी करण्याचं आहे. तडा बारीक असतानाच नोंदवायचा असतो, म्हणून लिहिलं.

लोभ असावा, आणि गोळ्या वेळेवर घ्याव्यात.

आपली
लिडिया


क्लीव्हलंड, २८ सप्टेंबर

चि. लिडियास,
अ. उ. आ.

पत्र आहे की पंचनामा? मार्जीच्या पोटात काही राहत नाही, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

डॉक्टर म्हणाले, माझ्या वयाचे शंभरातले सहा जण त्या टेबलावरून उठत नाहीत. तुझ्याच जातीचा माणूस, आकड्यांशिवाय बोलत नाही. मी विचारलं, उरलेल्या चौऱ्याण्णवांना सामने ऐकता येतात का? तर म्हणे पहिले काही दिवस नळ्या आणि गुंगी. अगं, आपण अंतिम मालिका शेवटची जिंकलो तेव्हा मी पाळण्यात होतो. यंदा पिचर चांगले आहेत, पोरं जीव तोडून पळताहेत. हे सोडून गुंगीत पडू? आणि त्या सहांत माझा नंबर लागला, तर निकाल मला कोण सांगणार? नोव्हेंबरात बघू, असं मी त्यांना सांगितलं.

दृष्टीचं म्हणशील, तर सत्त्याहत्तर वर्षं सांभाळलं. मिळालं काय? एकदा तरी मनातलं लिहावं म्हटलं.

लोभ असू दे, उपदेश नको.

तुझा
बाबा


पोर्टलंड, ४ ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आपण तिसरा सामना आणि फेरी हरलो. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहिते.

आत्या म्हणते, सातव्या डावानंतर तुम्ही स्कोअरची वही मिटलीत, रेडिओ बंद केलात आणि तिने केलेल्या अक्रोडाच्या पोटिका केकचा तुकडासुद्धा घेतला नाहीत. ती म्हणाली, रूडी, संघ गेलाय, तू अजून आहेस. तुम्ही म्हणालात, एकूण एकच.

तुम्ही वही अर्धी सोडल्याचं मला आठवत नाही. मी कामावरच्या गाडीत बसून सामना ऐकत होते. आठव्या आणि नवव्या डावाचे रकाने भरून कागद सोबत जोडला आहे, वहीत चिकटवावा. नवव्यात दोन बाद झाले तेव्हा आपला एक जण तिसऱ्या बेसवर होता, धावेपासून एकच टप्पा दूर. तो तिथेच राहिला. हे तुम्ही ऐकलं नसणार.

आता नोव्हेंबरपर्यंत चुकेल असा आपला एकही सामना नाही. शंभरातल्या सहांचं तुम्ही लिहिलंत. शस्त्रक्रिया न करणाऱ्या शंभरांपैकी पन्नास दोन वर्षं काढत नाहीत, हे डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं होतं. आत्या शेजारीच बसली होती. ते तुम्ही मला लिहिलं नाहीत.

पुढच्या वर्षाचं माझं भाकीत याच पाकिटात आहे. आपला संघ पहिल्याच फेरीत हरणार. या वेळी आकडे मांडलेले नाहीत. तुम्हीही तसंच लिहून पाठवा, आणि त्याच कागदावर खाली शस्त्रक्रियेची नवी तारीख लिहा. त्या दिवशी मी तिथे असेन. गुंगी उतरली की सगळे निकाल मी सांगेन, दुसऱ्यांचे असले तरी.

लोभ आहे, तो कमी होणार नाही.

१४ ऑक्टोबरपर्यंत उत्तर पाठवावं.

आपली
लिडिया