चष्म्याआडचा उजेड

दि. ३ जून

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. धाकट्याचा खोकला गेला हे बरं झालं.

इकडे नवीनच कटकट उभी राहिली आहे, आणि ती खरोखरच उभी आहे. खालच्या रिकाम्या गाळ्यात चष्म्याचं दुकान आलं. मालक चाळिशीचा, नीटनेटका, बोलायला मऊ. त्याने दुकानावर पत्र्याची पाटी चढवली, ती थेट माझ्या खिडकीसमोर. तिच्यावर परातीएवढ्या दोन काचांचा चष्मा रंगवला आहे. लोकांना दिसावं म्हणून लावलेल्या चष्म्याने माझंच दिसणं बंद केलं.

ती खिडकी तुला ठाऊक आहे. लग्नानंतर पुड्यांचे कागद सरळ करून मी एकेक अक्षर जोडायला शिकले, ती तिथेच. समोरासमोर दोन खुर्च्या. दुपारपाळीला जाण्याआधी तुझे दादा त्यांच्या खुर्चीत पेपर तोंडावर घेऊन झोपायचे आणि मी माझ्या खुर्चीत वाचायचे. हे गेल्यापासून दुपार ढकलायला मला तेवढीच जागा उरली आहे. दिवा लावून वाचलं, की डोकं चढतं.

मी खाली जाऊन सरळ सांगितलं, पाटी काढा. तो म्हणाला, काकू, परवानगी घेऊन लावली आहे. मी म्हटलं, माझी कुठे घेतली? तर म्हणाला, घरमालकाची घेतली. झालं. हे असते तर हसत हसत पाटी उतरवून घेतली असती आणि वर त्याच्याच पैशाने चहा प्याले असते. गच्च भरलेल्या बसमध्ये हे ओरडायचे, की पुढे सरका मंडळी, पुढे उभा राहील तो आधी पोचेल. लोक हसायचे आणि सरकायचे. कंडक्टरच्या जागी मी असते, तर मारामारी झाली असती.

लोभ आहेच, तो आणि तब्येत दोन्ही जप.
तुझी,
वहिनी

दि. ९ जून

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पाटी काढा, हे तू कुठल्या आवाजात म्हणाली असशील ते मला इथवर ऐकू आलं. वहिनी, तू मागत नाहीस, वसूल करतेस! अनोळखी माणसाला आधी खुलवावं लागतं. दवाखान्यात माझ्या टेबलापाशी रोज एक तरी येतो, मला आधी सोडा म्हणत. काल एकाला म्हटलं, सोडते की, पण जो घाई करेल त्याला मोठी सुई, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. हसला आणि गुपचूप बाकावर जाऊन बसला. नियम सांगितला असता, तर अंगावर आला असता.

तेव्हा असं कर. आधी पाटीचं कौतुक कर. मग काहीतरी अचाट माग. दुकानच देऊन टाका म्हण. तो हसला, की हळूच म्हण, बरं, दुकान राहू दे, पाटी तेवढी हातभर खाली घ्या. हसलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं.

माझ्यावर लोभ करतेस, त्यातला चिमूटभर चष्मेवाल्यावरही कर.
तुझी,
खारूताई

दि. १७ जून

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

तुझ्या शहाणपणाला कोपरापासून नमस्कार.

कौतुक केलं. म्हटलं, पाटी इतकी छान आहे, की घरातून दुसरं काही दिसतच नाही. वाटलं, समजेल. तो खूश होऊन मला स्टूल देऊन बसला आणि रंगारी किती हुशार ते सांगू लागला. मग मी म्हटलं, हे दुकानच मला देऊन टाका. हसायचं विसरले, गं. माझा चेहरा होता तसाच राहिला. त्याला वाटलं, गाळ्यावर माझा काही हक्क निघतोय. पांढराफटक पडला आणि कपाटातून करारनामा काढून माझ्यापुढे ठेवला. पाटीचं बोलणं राहूनच गेलं.

पुढचं ऐक. घरमालकाकडे तक्रार न्यायला गेले, तर तो म्हणाला, काकू, तुम्हीच तर पाटीची तारीफ केलीत म्हणे! म्हणजे ते दारही बंद. गेले होते पाटी काढायला, आले तिला शाबासकी देऊन.

अडलं, की हे समोरच्याला 'आता तुम्हीच सांगा' म्हणायचे, आठवतं? तेही करून पाहिलं. घरमालकाला म्हटलं, आता तुम्हीच सांगा, खिडकीचं भाडं घेता की भिंतीचं, आणि या वयात मी बिऱ्हाड बदलू का, आणि तुमच्या घरात असं झालं असतं तर? त्याने घड्याळ पाहिलं.

ह्यांच्या तोंडून निघायचं ते गोड. माझ्या तोंडून तेच निघतं, तर लोक कागदपत्रं काढतात. पुस्तक उशाशी पालथं पडलं आहे. मीही तशीच पडते.

लोभ असू दे, युक्त्या पुरे.
तुझी,
वहिनी

दि. २२ जून

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

करारनाम्यापाशी मला हसू आवरलं नाही. माफ कर. पण तुझं कुठे चुकलं ते सांगते. दादा 'आता तुम्हीच सांगा' म्हणायचा आणि मग गप्प बसायचा. ते गप्प बसणं समोरच्याला सोसायचं नाही, मग तोच वाट काढायचा. लहानपणी माझ्या वाट्याचा खाऊ त्याने असाच खाल्लाय. तू त्याचं वाक्य तेवढं घेतलंस.

अगदीच नाही जमलं, तर इकडे ये. माझ्याकडे उजेड भरपूर आहे, शांतता मात्र अजिबात नाही.

रागासकट लोभ असावा.
तुझी,
खारूताई

दि. ६ जुलै

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

गप्प बसणं जमलं, पण ठरवून नाही.

चिडचिडीत माझ्या चष्म्याची दांडी मोडली. नाइलाजाने त्याच्याच दुकानात गेले. दांडी बसवताना त्याने डोळेही तपासले. तक्त्यावरची शेवटची बारीक ओळसुद्धा मी घडाघडा वाचली. तो म्हणाला, काकू, नंबर बरोबर आहे, फक्त भरपूर उजेडात वाचत जा.

मी म्हटलं, उजेड तर तुमच्याच चष्म्याने अडवलाय. चष्मा लागल्यावर दिसेनासं झालं, अशी मी एकटीच असेन. आता तुम्हीच सांगा. पुढे खूप बोलायचं होतं. पण ते वाक्य नेमकं ह्यांच्या चालीत निघालं, शेवट तसाच लांबवून, आणि पुढचं तिथेच राहिलं. नुसती बघत राहिले. तो आधी हसला होता, मग हसायचा थांबला. म्हणाला, चला, वर येऊन बघतो.

आला. माझ्या खुर्चीत बसला, पुस्तक धरलं, स्वतःचा चष्मा काढून पुसला, परत घातला. म्हणाला, पाटी खाली घेता येणार नाही, तिथे शटर गुंडाळतं. पण दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याला आणून त्याने रंगवलेल्या चष्म्याची एक काच गोल कापून टाकली. मी म्हटलं, दुसरीही कापा. तर म्हणाला, काकू, दोन्ही काढल्या तर गिऱ्हाईक म्हणेल, याच्याकडे नुसत्या फ्रेमाच मिळतात. मला हसू आलं आणि मी हो म्हणून बसले. म्हणजे बघ, पटवायला गेले मी आणि पटवून गेला तो.

उजेड खिडकीभर मागितला होता, परातीएवढा मिळाला. आणि तोही माझ्या खुर्चीवर येईल तर शपथ! दुपारभर ह्यांच्या खुर्चीत पडून असतो. माझी तिथे सरकवायची, तर ह्यांची हलवावी लागते. ती मी हलवलेली नाही. तिच्यात कुणी बसलेलंही नाही. दोन दिवस उजेड तिकडे आणि मी इकडे, अशी धुसफुसत बसले.

शेवटी काल त्या खुर्चीलाच म्हटलं, आता तुम्हीच सांगा. आणि गप्प बसले.

हे पत्र तिच्यातच बसून लिहिते आहे. एका बाजूला कलते, गं. हे इतकी वर्षं बसले, पण कधी बोलले नाहीत.

उजेड सरकतोय, म्हणून थांबते. लोभ सरकू देऊ नकोस.
तुझी,
वहिनी