हँडल धरायला कुणीतरी हवं

रविवार, ९ फेब्रुवारी

सप्रेम नमस्कार,

'प्रिय' लिहिलं आणि खोडलं. 'श्री.' लिहिलं तर सोसायटीची नोटीस वाटायला लागली. तेव्हा नुसता नमस्कार घ्या. तुम्ही सगळे मजेत असालच. मीही ठीक. दुकान चाललंय. परीक्षा जवळ आल्या की पोरांना फळ्यावरचं दिसेनासं होतं, त्यामुळे चष्म्यांना सध्या बरं गिऱ्हाईक आहे.

फोन केला असता, पण फोनवर आपण 'हॅलो' आणि 'तिला देतो' याच्या पुढे कधी गेलो नाही. हे पत्र उद्या तुमच्या फायर स्टेशनवर ठेवून जाईन.

आज भिंगरी माझ्याकडून तिच्या आईकडे, तुमच्या घरी परत आली आणि तिची ती चार चाकांची क्वाड बाइक आली नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मी ठेवून घेतली आहे. किल्ली माझ्या खिशात आहे.

मामानं हौसेनं दिली आणि ताप आपल्या दोघांच्या डोक्याला! दर शनिवारी ती बाइक पोरीबरोबर माझ्याकडे येते, रविवारी तुमच्याकडे जाते आणि हँडल ढिलं ते ढिलंच. दोन बोटं वळवलं तरी पुढची चाकं ढिम्म हलत नाहीत. मग एकदम वळतात.

रागवा हवं तर, पण सांगतो. तुम्ही बंबाचे नट आवळणारा माणूस. पोरीच्या बाइकचा नटही तसाच पिळता. मध्यंतरी हँडलखालचा नट असा आवळला होतात की ते वळवायला मलाच दोन्ही हात लावावे लागले. ढिलं हँडल दुरुस्त करायचं म्हणजे जाम करायचं नसतं हो! मी तो सोडवला. हँडलपासून उजव्या चाकाकडे जो दांडा जातो तो जरा लांब केला, सगळं सरळ करून दिलं. पुढच्या शनिवारी बघतो तर तुम्ही डाव्या चाकाचा दांडा फिरवून ठेवलेला, आणि वर प्रत्येक नटावर लाल रंगाचा ठिपका! मी हात लावला की तुम्हाला कळावं म्हणून. त्या ठिपक्यांनी माझं डोकं असं फिरलं की काही विचारू नका. माझ्याच मुलीच्या बाइकवर माझ्यावर पाळत?

तिच्या आईला फोन लावला. ती म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा. मला त्या नटबोल्टांतलं काही सांगू नका." हेच वाक्य तुम्हालाही ऐकायला मिळालं असणार, याची मला अनुभवानं खात्री आहे.

आणि भिंगरीला विचारावं तर दर वेळी एकच. "मस्त चालतेय, बाबा!" मी खूश व्हायचो. म्हणायचो, बघा, त्यांना जमलं नाही, मला जमलं. तुमच्याकडेही ती हेच म्हणते का? म्हणत असणार.

लिहायचं होतं ते वेगळंच, आणि मी नटांवरच अडकून बसलोय.

काल मी दांडे पुन्हा फिरवले आणि तिला मागच्या मोकळ्या जागेत सोडलं. छान सरळ चालवत होती. मी पाणी प्यायला आत गेलो आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून सहज बाहेर बघितलं. मी नाही असं दिसताच तिनं हात सैल सोडले. बाइक भसकन डावीकडे गेली आणि कुंपणाला घासली. पोरगी उतरली. स्वतःला लागलं का ते बघितलंच नाही. आधी दाराकडे बघितलं, मी पाहिलं का म्हणून. मग पुन्हा बसली. मी बाहेर आलो तर खांदा वाकडा करून, ओठ घट्ट दाबून, सगळ्या अंगानं हँडल उजवीकडे ओढत तिनं ती बाइक माझ्यापर्यंत सरळ आणली.

"मस्त चालतेय, बाबा!"

"हात का चोळतेस?"

"घाम आलाय."

दोन्ही तळवे लालभडक. मी पाना घेऊन खाली बसलो, तशी ती घाईघाईनं म्हणाली, "राहू दे ना बाबा. तू फिरवलंस की पप्पा परत…" आणि तिनं जीभ चावली. "म्हणजे ते. ते परत फिरवतील."

माझ्यासमोर ती तुम्हाला कायम 'ते' म्हणत आली आहे. ते आले, त्यांनी सांगितलं. खरं सांगतो, मला ते ऐकून मनातून बरं वाटायचं. काल कळलं की हे सगळं ती माझ्यासाठी सांभाळतेय. आठ वर्षांची पोर आहे ती! आधी तुमचा राग आला, मग माझा, मग पुन्हा तुमचा. अजून पुरता गेलेला नाही. कुंपणाच्या जागी रस्ता असता तर काय झालं असतं, हा विचार डोक्यातून जातच नाही.

आज ती गेल्यावर मी बाइक पूर्ण खोलली. हँडलचा दांडा खाली ज्या छोट्या नळीत फिरतो, ते बुश झिजलंय. सगळा ढिलेपणा तिथला. तुम्ही आवळून काय किंवा मी सोडवून काय, आपण दोघांनीही नुसतं वाकड्यात वाकडं करून ठेवलं. नवीन बुश बसवलं. पण दोन्ही दांडे सारखे करायचे तर कुणीतरी हँडल सरळ धरून ठेवायला हवं. मी गुडघ्यांत धरून पाहिलं, खिडकीच्या गजाला दोरीनं बांधून पाहिलं. नट फिरवला की हँडल फिरतंच. शेजाऱ्यांना बोलावता आलं असतं, पण त्यांनी धरलेलं सरळ तुम्हाला सरळ वाटायचं नाही, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

तेव्हा येत्या रविवारी सकाळी या. भिंगरी इथेच असेल. हँडल तुम्ही धरा, तुमच्या हातात जोर आहे. नट मी फिरवतो. तुमचा मोठा पाना आणा, माझा पुरत नाही. रंग मात्र आणू नका. भांडायचं असेल तर आधी फोनवर भांडून घेऊ.

मी खिडकीतून पाहिलं, हे तिला कळू देऊ नका.

आणि तिकडे ती तुम्हाला जे म्हणते ते तिनं इथेही म्हणावं, हे मला तिला सांगायचं होतं. काल जेवताना दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा भाजी वाढली. तुम्ही दारात आलात म्हणजे मला तिला हाक मारून सांगता येईल, "भिंगरी, पप्पा आलेत." तेवढं माझ्या तोंडून निघावं म्हणून तरी या.

वाट पाहतो.

भिंगरीचा बाबा