साक्षीदाराला काय सांगायचं नाही

बाबा, मी परत मस्कतला आले आहे आणि या वयात पॅरालीगलचं शिक्षण घेते आहे. हा शब्द तुमच्या कानावर आला नसेल. वकिलाच्या हाताखाली कागद तयार करायचे, साक्षीदारांचे जबाब लिहून घ्यायचे, तारखा सांभाळायच्या. कोर्टात उभा राहतो तो ओमानी वकील, आम्ही त्याच्या मागे. सकाळी सीबहून कुरुमच्या ऑफिसात जाते, संध्याकाळी ऑनलाइन वर्ग असतो. तुमची नात कॅनडात असते. पुढेमागे तिच्याकडे गेले तर तिथली परीक्षा देऊन लायसन्स काढायचा विचार आहे. नवरा म्हणतो, पन्नाशी आली तरी हिची परीक्षांची हौस फिटत नाही.

मला शिकवणारी सीनियर मल्याळी आहे, कडक. पहिल्याच आठवड्यात तिनं बजावलं, की साक्षीदार विचारतात, काय बोलू. त्याचं उत्तर आपण द्यायचं नाही, चेहऱ्यानंसुद्धा नाही. मला ते सोपं वाटलं होतं. मग गेल्या महिन्यात एक चिपळूणचा फोरमन आला. त्याच्या साइटवर एक कामगार परांचीवरून पडून कमरेतून अधू झाला होता. आमचं ऑफिस त्या कामगाराच्या बाजूनं होतं, आणि पडला तेव्हा हा फोरमन खालीच उभा होता. हिंदीत अडखळत होता म्हणून सीनियरनं मला बसवलं. मराठी ऐकल्यावर तो जरा सैल झाला. मुलगी इथेच बारावीला आहे म्हणाला, अर्बाब, म्हणजे त्याचा मालक, तसा वाईट माणूस नाही म्हणाला. मग पुढे वाकून हळूच विचारलं, "ताई, तुम्ही आपल्यातल्या. तुम्हीच सांगा, मी काय बोलू?"

आणि मला इथल्याच रुवीतलं आपलं तेव्हाचं स्वयंपाकघर दिसलं. मी दहावीत आहे. तुमचे मॅनेजर चहाला आलेत आणि बाहेर बसायचं सोडून थेट आत येऊन बसलेत. तुमच्या साइटवर बिहारचा एक माणूस वरून पडलाय. मॅनेजर तुम्हाला समजावतायत, की सेफ्टीचा पट्टा दिला होता, त्यानं लावला नाही, एवढंच बोला. तुम्ही सेफ्टीवाले, तुमचा शब्द चालेल. तुम्ही म्हणता, पट्टे स्टोअरमध्ये कुलपात होते, त्यानं सकाळी माझ्याकडे मागितला होता. मॅनेजर चहा अर्धा ठेवून उठतात. आई कांदा चिरायची थांबते. पोरीची दहावी तरी होऊ द्या, म्हणते. मीही मध्येच बोलते, की ऐकलं नाही म्हणा ना, तुम्हाला कोण विचारणार आहे. तेव्हा तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "ऐकलं ते ऐकलं. तू अभ्यास कर."

महिनाभरात व्हिसा खलास. दहावी मी पुण्यात, नव्या शाळेत, अनोळखी मुलींत बसून दिली. तुम्हाला धड नोकरी परत मिळाली नाही. शेवटपर्यंत मामाच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात काउंटरवर बसलात. त्या बिहारच्या माणसाचं पुढे काय झालं, ते आपल्याला कधीच कळलं नाही. आईनं तुम्हाला एकदाही टोमणा मारला नाही, पण मस्कतचा विषय निघाला की ती उठून आत जायची.

फोरमनला मी एवढंच म्हटलं, "पाहिलंत तेच सांगा. नसेल पाहिलं तर तसं सांगा." तो म्हणाला, "मी पाठमोरा होतो." मी तसंच लिहिलं, वाचून दाखवलं, सही घेतली. तो खोटं बोलतोय हे मला कळत होतं, सीनियरलाही. ती नंतर म्हणाली, डॉक्टरचे कागद आहेत, दुसरा साक्षीदार शोधू, इन्शाल्ला होईल. लिफ्टपाशी त्यानं मला विचारलं, रागावलात का. मी नाही म्हणाले, आणि खरंच राग आला नव्हता. त्याची मुलगी इथेच बारावी देईल, एवढंच डोक्यात आलं.

तुम्ही बरोबर वागलात, असं मी लेकीला लहानपणापासून सांगत आले आहे, पुढेही सांगेन. तुम्ही असतात तर तुमच्यासमोरही हेच म्हटलं असतं. पण त्या सकाळी तुम्हीही पाठमोरे असतात तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.