चारनंतर सहा

अब्बा, तुमचं दुरुस्तीचं दुकान या आठवड्यात रिकामं केलं. मारेगावच्या स्टँडसमोरची ती सगळी ओळ पाडून नवे गाळे होणार आहेत. भाऊ म्हणाला, पाने आणि हातोड्या मी घेतो, कागदपत्रं तू बघ. तुमच्या लोखंडी पेटीच्या तळाशी, व्हॉल्व्हच्या डब्याखाली, माझ्या अक्षरातले दोन कागद घडी करून ठेवलेले सापडले. ते असे जपून ठेवले असतील असं मला वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर ते फाटून गेले असतील अशी मला आशा होती.

हे पत्र मराठीत लिहिते आहे. घरात आपण हिंदीच बोलायचो, पण तुम्हाला लिहिता-वाचता यायचं ते जिल्हा परिषदेच्या शाळेतलं मराठी. म्हणूनच ते कागदही मराठीत लिहिले होते.

तेव्हा मी नागपूरला विद्यापीठात फ्रेंचच्या दुसऱ्या वर्षाला होते. इंटरमीजिएट म्हणायचे त्याला. फ्रेंच का घेतलं, हे तुम्ही विचारलं होतं आणि मी काहीतरी मोठं उत्तर दिलं होतं. खरं कारण एवढंच, की इंग्रजीत सगळे माझ्या पुढे होते आणि फ्रेंचमध्ये सगळे माझ्यासारखेच कोरे असतील असं मला वाटलं. पहिलं वर्ष त्या समजुतीत निघालं. दुसऱ्या वर्षी कळलं, की वर्गातल्या अकराजणांपैकी सात-आठजण शाळेतच चार वर्षं फ्रेंच शिकून आलेले आहेत. ते मॅडमशी हसतखेळत बोलायचे. मी मनात वाक्य जुळवेपर्यंत विषय बदललेला असायचा. मॅडम वाईट नव्हत्या. त्या सांगायच्या, अडलेल्या शब्दापाशी थांबू नका, तो सोडा, पुढे वाचा, अर्थ आपोआप लागत जातो. हे मला जमलं. इतकं चांगलं जमलं, की तोंडी परीक्षेत मला वर्गातल्या बऱ्याच जणांपेक्षा जास्त मार्क मिळाले. मला काय येत नाही ते कुणाला दिसू नये इतपत भराभर बोलायला मी शिकले होते.

दिवाळीच्या आधी तुम्ही हॉस्टेलवर आलात. मारेगावहून पहाटेची एसटी धरून, इस्त्रीचा शर्ट घालून. फाटकाबाहेर कडुलिंबाखाली उभे होतात आणि हातात रुमालात गुंडाळलेलं एक पुस्तक होतं. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या सेठनं गाठी बांधायच्या प्रेससाठी सेकंडहँड पंप आणला होता, दूरच्या कुठल्या बंद कारखान्याच्या लिलावातून. पुस्तक फक्त फ्रेंचमध्ये. सेठ नागपूरचा माणूस बोलवायला निघाला होता आणि तुम्ही त्याला थांबवून म्हणाला होतात, माही पोरगी फ्रेंच शिकून राह्यली, ते लिहून देते, मी बसवतो. हे मला सांगताना तुम्ही हसत होतात. चालू करायच्या आधी काय काय करायचं, तेवढी दोनच पानं हवी होती. पुस्तकाच्या कडांना तुमच्या अंगठ्याचे काळे ठसे होते. नाही समजलं तर मॅडमला दाखव, असंही तुम्ही म्हणालात. मी हो म्हटलं. त्याच वेळी माझ्या वर्गातल्या दोन मुली फाटकातून बाहेर पडत होत्या आणि मी पुस्तक ओढणीखाली घेतलं. तुम्ही ते पाहिलं की नाही, मला माहीत नाही. चहाला थांबा असंही मी म्हटलं नाही. परतीची गाडी आहे ना, असं म्हटलं.

ती दोन पानं मला येत नव्हती. आमच्या पुस्तकात स्टेशनवर तिकीट काढतात, बाजारात चीज घेतात, डॉक्टरकडे जाऊन कुठे दुखतं ते सांगतात. पंपाच्या पोटात काय असतं ते कुठल्याच धड्यात नव्हतं. पण आठ मुद्दे होते, आकडे घालून, आणि बाजूला चित्रं होती. चित्रं बघून, ओळखीचे शब्द धरून, मी एकेक लिहीत गेले. पाचव्या मुद्द्याला चित्र नव्हतं. चार लांब वाक्यं होती, दाट. दोनदा वाचलं आणि मॅडमनी शिकवलं होतं तसं केलं. सोडलं आणि पुढे गेले. मॅडमना दाखवायचं तर ते ठसे असलेलं पुस्तक स्टाफरूममध्ये टेबलावर ठेवावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी मारेगावला निघालेल्या एका ओळखीच्या ड्रायव्हरजवळ कागद आणि पुस्तक दिलं. अक्षर मात्र सुंदर काढलं होतं. आजही वाचताना कुठे अडखळायला होत नाही.

तुम्ही अडखळलात. दोन दिवसांनी संध्याकाळी वॉर्डनच्या ऑफिसात फोन आला. मागे प्रेसचे लोक बोलत होते, तुम्ही मोठ्यानं बोलत होतात.

"बेटा, चार के बाद एकदम छे आ गया. पाच किधर है?"

फ्रेंच येत नसलं तरी आकडे तुम्हाला येत होते. पुस्तकात पाच होता, माझ्या कागदावर नव्हता. वॉर्डनबाई समोर बसल्या होत्या. मी अजिबात न थांबता म्हटलं, "वो काम का नहीं है अब्बा. कंपनी की तारीफ लिखी है बस."

"पक्का?"

"पक्का."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणालात, ठीक है, तू बोलती तो ठीक है. तो कागदाचा आवाज मला आत्ताही ऐकू येतो. तीस वर्षं इंजिनं उघडलेला माणूस तिकडे हातात पाना घेऊन उभा होता. काहीतरी राहिलंय असं त्याला वाटत होतं, आणि तरी तो मुलीच्या कागदाचं ऐकत होता.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा अम्मीनं तुमचा डबा देऊन मला जिनिंगवर पाठवलं. कापसाचे ढीग लागले होते आणि प्रेस बंद होता. पंप उघडून पोत्यावर ठेवला होता. आतले तुकडे मी पाहिले, त्यांची नावं मला कुठल्याच भाषेत माहीत नव्हती. चालू केल्यावर चार-पाच मिनिटांत तो करकरला आणि जाम झाला होता. ढिगावर बसलेला एक हमाल म्हणाला, मिस्त्री, परदेशातली मशीन हाय, तिले चहापाणी इचारलं नसन तुम्ही. सगळे हसले, तुम्हीही हसलात. सेठ हसला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग तुमच्याकडे.

"काहून मिस्त्री, पोरीनं सगळं लिहून देल्लं म्हणत होते ना तुम्ही?"

मी डबा धरून उभी होते. माझे कागद तुमच्या शर्टाच्या खिशात होते, वरची कड दिसत होती. तुम्ही ते काढून सेठसमोर धरले असते, पुस्तकातला पाच दाखवला असता, तर तुमच्यावर काही आलं नसतं.

"कागद बरोबर होता सेठ," तुम्ही म्हणालात. "मीच वाचाले चुकलो. पोरीचा काई दोष नाई."

सगळ्यांसमोर बोलायला नको, घरी गेल्यावर सांगू, असं मी मनाशी ठरवलं. स्कूटरवर मी तुमच्या मागे बसून येत असताना तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, की परीक्षा कधी आहे. मी तारीख सांगितली. घरी गेल्यावर जेवण झालं, पाहुणे आले, आणि तो दिवस गेला.

त्या हंगामात नागपूरचा माणूस आला आणि पुढेही तोच येत राहिला. जिनिंगच्या फाटकातून तुम्ही पुन्हा कामासाठी आत गेला नाहीत. शेतातल्या मोटारी, फवारणीचे पंप, लोकांच्या मोटरसायकली, असं दुकान चालवलंत. फाटकावरून जाताना हमाल हाक मारायचे आणि तुम्ही हात वर करून पुढे जायचात. मला तुम्ही कधी एका शब्दानं बोलला नाहीत. पाहुण्यांसमोर अजूनही म्हणायचात, बेटा, कुछ बोल के बता, आणि मी स्टेशनवर तिकीट काढायचा धडा म्हणून दाखवायचे. तुम्ही मान हलवत ऐकायचात. फक्त एक गोष्ट बदलली, आणि ती माझ्या लक्षात यायला वर्षं लागली. त्यानंतर तुम्ही मला वाचायला काही दिलं नाहीत. नव्या फ्रिजचं पुस्तक तुम्ही शेजारच्या मास्तरांकडे नेलंत. शेवटच्या आजारपणात मी उशाशी बसलेली असताना औषधाची चिठ्ठी कंपाउंडरकडून वाचून घेतलीत. त्या दिवशी तरी सांगायला हवं होतं. मी चिठ्ठीची घडी घालून दिली.

आता मी वर्तमानपत्रात काम करते, हे तुम्ही पाहिलं होतंच. दुसऱ्या भाषेतून आलेली बातमी मराठीत करायची, ठरल्या वेळेच्या आत. मी कधी उशीर करत नाही, रागावत नाही, आणि माझ्या मजकुरात कुठे सांधा दिसत नाही. नवीन मुलं त्याचं कौतुक करतात. त्यांना मी सांगते, की कळलं नाही तर उठा आणि विचारा, पान थांबलं तरी चालेल. हे कुठून शिकले ते सांगत नाही.

पेटीतल्या कागदावर चार आणि सहाच्या मध्ये, जिथे जागा नव्हती तिथे, तुम्ही पेन्सिलीनं बारीक लिहिलं आहे: ५ - कामाचं नाही. तुमचं ते शाळेतलं ताठ अक्षर. फोनवर मी सांगितलं ते तुम्ही तिथेच उभ्यानं लिहून घेतलंत, म्हणजे माझा कागद पुरा व्हावा.

पुस्तकही पेटीत होतं. काल दुपारी मी पाचव्या मुद्द्याचा अर्थ लावला. चालू करण्याआधी पंपाचं पोट वरच्या भोकातून तेलानं पूर्ण भरा, आणि दांडा हातानं काही वेळा फिरवून तेल सगळीकडे पोचू द्या, नाहीतर पंप कोरडा फिरून जाम होईल. तुमच्या ओळखीच्या जुन्या पंपांना हे लागत नव्हतं. हे पत्र मी त्या दोन कागदांमध्येच घडी करून ठेवणार आहे. अम्मीला वाचून दाखवणार नाही. ती अजून आल्यागेल्याला सांगते, की पोरीनं बरोबर लिहिलं होतं, हेच वाचायला चुकले, आणि मी समोर बसून चहा ओतते.

इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले, की ती चार वाक्यं मला तेव्हा येतच नव्हती. काल पाहिलं. त्यातले बरेच शब्द खरंच कठीण आहेत. पण तेल आम्हाला बाजाराच्या धड्यात होतं, हात डॉक्टरच्या धड्यात, आणि ‘आधी’ हा शब्द तर पहिल्या वर्षीच. हे तीन मला त्या संध्याकाळी फोन धरला होता तेव्हाही येत होते, अब्बा. तेवढेच सांगितले असते, तर बाकीचं तुम्हाला कळलं असतं.