लाँग लेज बेटावरच्या त्रेचाळीस गैरहजेऱ्या

मी, रोएना डर्नफर्ड, वय एकतीस, राहणार लाँग लेज बेट, न्यूफाउंडलंड, फेरीबोटीची इंजिन तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. माझं हृदय निकामी होत चाललं आहे. बुद्धी शाबूत आहे. बुद्धीचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाचा कुणी मागणार नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. धक्क्यामागचं घर आणि बँकेत जे असेल ते माझी आई मार्जरी हिला. तिने माझी खोली जशीच्या तशी जपून ठेवू नये, भाड्याने द्यावी.

२. माझी हत्यारं बोटीला. भाऊ कॅल्विनला त्यातलं काहीही नाही. त्याने माझ्या पेचकसाने रंगाचे डबे उघडले. पण तो शब्दाचा पक्का आहे, म्हणून या पत्राची अंमलबजावणी त्याच्याकडे.

३. घरी रोज घेतलेल्या वजन, नाडी आणि रक्तदाबाच्या तीन वर्षांच्या नोंदी कौटुंबिक वैद्यक संशोधन गटाला. विनाअट.

४. या गटात मी रुग्ण-सल्लागार आहे. संशोधकांचे फॉर्म रुग्णाच्या नजरेने तपासायचे, हे आमचं काम. "आला" आणि "आला नाही" अशा दोनच चौकटींचा, पलीकडच्या किनाऱ्यावरच्या दवाखान्यातल्या हजेरीचा एक फॉर्म मी तपासला आणि ठीक म्हणून सही केली. त्यात भरलेल्या आकड्यांवरून गटाच्या लेखाच्या मसुद्यात लिहिलं गेलं की बेटावरचे रुग्ण बेफिकीर आहेत. तीनदा न येणाऱ्याचं नाव डॉक्टरांच्या यादीतून काढावं, अशी शिफारसही त्यात होती. दवाखान्याने मसुद्यावरच अंमल केला. अकरा नावं गेली. दुसरा डॉक्टर चार तासांवर आहे.

त्यातलं एक नाव अँब्रोज पार्डी, वय अठ्ठ्याहत्तर, मधुमेही. बेटावर सगळेच त्यांना काका म्हणतात. ते इंजिनघरात आले.

"पोरी, मी बेफिकीर म्हणे! तिन्ही वेळा धक्क्यावर उभा होतो, दाढीबिढी करून. बोट कुणी अडवली?"

"वारा होता, काका."

"वाऱ्याने नाही, तू अडवलीस; इंजिन झेपणार नाही म्हणालीस. बरोबरच केलंस. मग तिथे सही कसली ठोकलीस?"

बोट न सुटल्याची नोंद मीच करत होते; ती वही आणि तो फॉर्म शेजारी शेजारी ठेवावेत हे मला सुचलं नव्हतं. त्या दिवशी ठेवले. त्रेचाळीस गैरहजेऱ्यांपैकी छत्तीसांच्या दिवशी बोट सुटलीच नव्हती. उरलेल्या सातांचं कारण मला माहीत नाही. ते कुणी अंदाजाने भरू नये.

गटप्रमुख डॉ. कॅथलीन रोझ म्हणाल्या, "रोएना, आता आकडेवारीला हात लावता येत नाही. तळटीप देऊ."

"तळटीप वाचून काकांना कुणी परत घेणार आहे का?"

"तू फार मनाला लावून घेतेस गं."

"नाही. मोजून सांगते आहे."

लेखावर शेवटचा निर्णय गटाच्या मे महिन्यातल्या बैठकीत आहे. तोवर मी असेन असं मला वाटत नाही.

५. बोटीच्या नोंदवहीची प्रत गटाला द्यावी. लेख दुरुस्त झाला आणि अकरा जणांना परत घेतलं, तर माझी चूक माझ्या नावानिशी छापावी. नाही झालं, तर आभारांतूनही माझं नाव काढावं.

६. सल्लागाराची जागा ही मालमत्ता नव्हे, हे मी जाणते. म्हणून ही केवळ विनंती: ती काकांना द्यावी. मी त्यांना विचारलं आहे.

"मला धड वाचता येत नाही, बाळा."

"त्यांना मोठ्याने वाचायला लावा. पटलं नाही की थांबवा."

"डॉक्टरीणबाईंना थांबवू?"

"हो."

"हे जमेल," काका म्हणाले.

मे महिन्याची बैठक बेटावर, चर्चच्या सभागृहात घ्यावी. डॉ. रोझ यांनी बोटीने यावं. त्या दिवशी बोट सुटली नाही, तर इतिवृत्तात तेवढंच लिहावं: बोट सुटली नाही. डॉक्टर गैरहजर होत्या असं कुणी लिहू नये.

वरील मजकूर मी स्वतः वाचला आणि खालील दोघांच्या देखत सही केली. त्यांना यातून काहीही मिळत नाही.

रोएना डर्नफर्ड
लाँग लेज बेट, ९ मार्च २०२३

साक्षीदार:
हेडली फज, फेरीबोटीचे कप्तान
आयरिस कीपिंग, टपाल कचेरी