पिवळ्या दाराची चौकशी

६ जाने., सोमवार
येळवशीची शेतातली पूजा झाली, मागचं आवरलं, आशीकडे ताथवड्याला आले. पोरगी सकाळी हिंजवडीच्या कंपनीच्या गाडीत बसते ती दिवे लागल्यावर उगवते. दिवसभर बाराव्या मजल्यावर मी आणि फ्रिज. लिफ्टमधली एक म्हणाली, आंटी, इथं बघण्यासारखं काही नाही. म्हटलं, पाय आहेत, बघते की.
कॉलेजच्या पोरांच्या गर्दीत गाडीवर पोहे. पोह्यात साखर! नापास. चहा पास.
जेवताना आशीनं सांगितलंच. सुमेध म्हणून पोरगा आहे. चाकणला कंपनीत, घर पिंपरीत. बौद्ध आहेत. माझा घास हातातच राहिला. "आई, तू हो म्हण, मग काका काय बोलतील ते मी बघते." काका म्हणजे माझा दीर. आशीचे वडील गेल्यापासून त्याला विचारल्याशिवाय घरात पान हलत नाही. रविवारी येतोय, तोडायलाच. तोवर माझं हो का नाही, काय ते ठरवायचं.

७ जाने., मंगळवार
स्थळ म्हटलं की चौकशी आली. वाण्याला विचारायचं, शिंप्याला विचारायचं, गिरणीत बसायचं. आशी म्हणाली, "असलं काही करू नकोस हं, मला लाज वाटेल." म्हटलं बरं. आणि पिंपरीची बस धरली.
कॅम्पात उतरले, सिंध्यांची दुकानं. दाल-पकवान खाल्लं. कडक तळलेली पुरी, वर दाट डाळ, चिंचेचं पाणी, कांदा. दोन खाल्ल्या. पास. पुरीत काय घालता विचारलं तर म्हणतो, "घर का सीक्रेट है, मौसी." जिरं आणि मिरी. मला काय कळत न्हाई व्हय.
मग गल्ल्या. गॅरेजच्या रांगेत एक बेकरी. तिथल्या चाचानं आधी गरम खारी हातावर ठेवली, मग विचारलं काय पाहिजे. त्यालाच सुमेधचं घर विचारलं. "विहार के आगे, पीला दरवाजा. अच्छा लड़का है, रोज सलाम करता है." सलाम करतो म्हणून चांगला? आमच्याकडं चोरसुद्धा रामराम करतात.
खारी पास.

८ जाने., बुधवार
गुडघा सुजला. आशीला सांगितलं देवळाच्या पायऱ्या चढले.

९ जाने., गुरुवार
काय करून बसले आज.
ताथवड्यात गिरणी असताना गावची ज्वारी डब्यात घेऊन पिंपरीला गेले. पिवळ्या दाराच्या समोरच गिरणी. डबा नंबराला लावून बाकावर बसले. शेजारी एक बाई, स्वेटर घातलेली, शेंगा फोडत होती. मलाही मूठभर दिल्या. बोलकी वाटली. विचारलं, ती पिवळ्या दाराची माणसं कशी आहेत?
"का हो?"
नात्यातली पोरगी आहे.
"पोरगा गुणाचा. बाप गरीब गाय. आई मात्र तोंडाळ."
किती?
"गल्ली टरकते तिला."
मनात नापास लिहून मोकळी झाले. तेवढ्यात गिरणीवाला डबा उचलून ओरडला, "सौ. शोभा साळुंके, औसा, कोण हो?" लग्नातला डबा. भांड्यावर नाव घालायचंच ही आमची रीत, आणि मीच विसरले. सौ. पण तसंच आहे अजून त्याच्यावर.
बाईनं शेंगा पदरात ओढल्या. "औशाच्या साळुंके? म्हणजे आशीच्या आई तुम्ही." मग हसायलाच लागली. "ती तोंडाळ मीच. चला, राहिलेलं घरात बसून विचारा."
पळणार कुठं, डबा जड.
नाव छाया. चहा केला. आमच्या गावी त्यांच्या वस्तीतल्या माणसाचा कप वेगळा असायचा, गोठ्यातल्या कोनाड्यात. चहा मीच ओतायचे, वरून. छायाबाईनं कप पुढं केला आणि माझ्या हाताकडं बघत राहिली. तिला ठाऊक असणार. मी प्याले. आलं जास्त झालंय, म्हटलं. "जास्तच घालते. घसा मोकळा राहतो भांडायला."

१० जाने., शुक्रवार
छायाबाईचाच फोन. "चौकशी अर्धवट ठेवू नका, चाकणला चला." बसनं दोघी. धूळ, ट्रक, पुन्हा धूळ. गेटाबाहेर पहिली शिफ्ट सुटलेली पोरं वडापाव खात उभी. आम्हीही उभ्यानंच. मिरची कडक, पास.
सुमेध गेटातून आला, आम्हाला दोघींना बघून थबकलाच. वाकून नमस्कार केला. "काकू, आशीला सांगू का तुम्ही आलात?" सांगून तर बघ, म्हटलं. मान खाली घालून हसला. हसणं आईचं.
येताना बसमध्ये छायाबाई खिडकीकडं बघतच बोलली. "तुम्ही आमच्याकडं प्यालात. आता आम्हाला तुमच्याकडं जेवायला बोलवाल का? का चौकशी संपली?"
डांगे चौक येईपर्यंत मी तिकिटाच्या घड्या घालत बसले. उतरताना म्हटलं, रविवारी या, तिघंही.

११ जाने., शनिवार
आशीला सगळं सांगितलं. गिरणीपर्यंत रागावली, चाकणपर्यंत हसली, जेवणाचं ऐकून ताडकन उठली. "अगं, काका पण रविवारीच येतायत." मला काय माहीत न्हाई?
"मग तुझं हो समजू?"
वांगी चीर म्हटलं.
चिंचवडच्या मंडईत बसनं गेले. बोरं, गाजर, हरभऱ्याचे घाटे, पावटा. भोगी सोमवारी आहे, पण भाजी उद्याच करणार. दिराला आवडते. छायाबाईला विचारायचं राहिलं.
दुपारी दिराचा फोन. "वैनी, पोरीला मी समजावतो, तुम्ही मधी बोलू नका. साडेअकराला पोचतो. जेवायला कोण कोण हाय?"
म्हटलं, घरचेच.
ठेवला फोन. तोंडातून खोटं गेलंय असं वाटेना.
आशीकडं ताटं चारच. शेजारणीकडून दोन आणली. सहा ताटं, एकाच ओळीत मांडणार. दिराचं आणि छायाबाईचं शेजारी शेजारी. त्याला उठून जायचं तर जाऊ दे, मी वाढत राहणार. आणि तो उठला म्हणून त्याच्यामागं ती तिघंही उठली, तर डबा भरून मीही त्यांच्यामागं पिवळ्या दारापर्यंत जाणार.